लेखनव्यवहाराची मराठी परिभाषा: घडण, भूमिका आणि अनिर्णित प्रश्न

प्रश्नाची व्याप्ती

साहित्याचे अध्यापन, वृत्तपत्रांचे संपादन आणि पुस्तकांची निर्मिती या तीन क्षेत्रांत गेल्या दोनशे वर्षांत मराठीला जे नवे शब्द लागले, त्यांतील बहुतेकांमागे एखादी इंग्रजी संज्ञा आहे. ‘नॉव्हेल’, ‘एसे’, ‘प्लॉट’, ‘नॅरेटर’, ‘ट्रॅजेडी’, ‘एडिटर’, ‘प्रूफ’ या संज्ञा इंग्रजी शिक्षणाबरोबर आल्या आणि त्या मराठीत कशा सांगायच्या हा प्रश्न प्रत्येक पिढीने नव्याने हाताळला. काही ठिकाणी उत्तर इतके पक्के बसले की ‘कादंबरी’ किंवा ‘संपादक’ म्हणताना मूळ इंग्रजी संज्ञेची आठवणही होत नाही; काही ठिकाणी तीन-तीन पर्याय आजही शेजारी नांदतात; तर काही ठिकाणी कोशात मराठी शब्द असूनही बोलण्यात इंग्रजीच राहिले. या स्थितीची कारणे कोणती, अभ्यासकांनी तिच्याबद्दल कोणत्या भूमिका घेतल्या आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा आढावा येथे घेतला आहे.

संज्ञा म्हणजे एखाद्या विद्याशाखेत किंवा व्यवसायात ठरलेल्या अर्थाने वापरला जाणारा शब्द, आणि अशा संज्ञांचा परस्परांशी जुळलेला संच म्हणजे परिभाषा. लेखनव्यवहाराच्या परिभाषेचे सोयीसाठी तीन गट करता येतात. पहिल्या गटात वाङ्मयप्रकारांची नावे येतात: कादंबरी, निबंध, सुनीत, एकांकिका. दुसऱ्या गटात रचनेच्या घटकांची आणि समीक्षेच्या संकल्पनांची नावे येतात: कथानक, निवेदक, प्रतिमा, संज्ञाप्रवाह. तिसऱ्या गटात लेखन प्रत्यक्ष घडवण्याच्या आणि छापण्याच्या क्रियांची नावे येतात: मसुदा, परिच्छेद, तळटीप, मुद्रितशोधन. हे तीन गट वेगवेगळ्या ठिकाणी वापरले जातात. पहिला सर्वसाधारण वाचकाच्या तोंडी असतो, दुसरा वर्गात आणि समीक्षेत, तर तिसरा कचेरीत, छापखान्यात आणि वृत्तपत्राच्या टेबलावर. पुढील विवेचनात दिसेल त्याप्रमाणे, संज्ञा टिकण्या-न टिकण्याशी या वापरस्थानाचा निकटचा संबंध आहे.

या प्रश्नाचा विचार सहसा पुणे, मुंबई आणि नागपूर या केंद्रांवरून होतो. येथे जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्याचा प्रदेशही दृष्टीसमोर ठेवला आहे. हा तालुका मराठवाड्याच्या उत्तर टोकाला, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत तो औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा भाग होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे फारसी-उर्दू, इंग्रजी आणि संस्कृत या तिन्ही स्रोतांतून आलेली लेखनपरिभाषा या भागाने राज्यकारभारातून आणि शाळेतून अनुभवली आहे.

इंग्रजीपूर्व लेखनपरिभाषा

इंग्रजी संज्ञा आल्या तेव्हा मराठीत लेखनाचे शब्द नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. तेराव्या शतकापासून महानुभाव पंथाने आपल्या ग्रंथांची काटेकोर वर्गवारी केली होती. पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणींचे संकलन ‘लीळाचरित्र’, त्यांच्या वचनांचा संग्रह ‘सूत्रपाठ’, दृष्टान्तांचा संग्रह ‘दृष्टान्तपाठ’, त्यांच्या वास्तव्याच्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’ अशी ही नावे असून त्यांतून ग्रंथाचा प्रकार नेमका कळतो. ‘ओवी’, ‘अभंग’, ‘आख्यान’, ‘पोवाडा’, ‘लावणी’, ‘बखर’ ही प्रकारनावेही याच दीर्घ परंपरेतील आहेत.

जालना जिल्ह्यातीलच घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षराचे वळण, ओळींची सरळता, दोन अक्षरांमधील अंतर आणि पानाभोवती मोकळी सोडायची जागा यांचा त्यात विचार आहे. लेखनाच्या हस्तकौशल्याची शिस्त मराठीत छापखान्यापूर्वीच शब्दांत मांडली गेली होती, याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

तिसरा प्रवाह दप्तराचा. ‘मसुदा’, ‘मजकूर’, ‘मायना’, ‘शेरा’, ‘नक्कल’, ‘दप्तर’, ‘शाई’, ‘कागद’ हे शब्द अरबी-फारसीतून मोडी कागदपत्रांत आले आणि इतके मुरले की आजच्या लेखकालाही त्यांच्यावाचून चालत नाही. परिभाषा जाणीवपूर्वक बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच शब्दसंग्रहाच्या बाबतीत झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी राज्यकारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले आणि त्याच्या दहा वर्गांपैकी एक ‘लेखनवर्ग’ होता. या कोशाशी सुसंगत अशी अष्टप्रधानांची संस्कृत पदनामे इतिहासात टिकली. मात्र दप्तरातील रोजच्या कामाचे ‘मसुदा’ आणि ‘मजकूर’ हे शब्द जागचे हलले नाहीत. वरून ठरवलेली परिभाषा आणि हातातल्या कामाची परिभाषा यांचे नशीब वेगळे असू शकते, ही बाब पुढेही वारंवार दिसते.

मुद्रण, वृत्तपत्र आणि नव्या प्रकारांची नावे

एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) आणि मेजर टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश (१८४७) यांनी दोन भाषांतील शब्दांची व्यवस्थित जुळणी सुरू केली. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ पासून निघू लागले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जात असल्याने वृत्तपत्रीय मराठी आरंभापासूनच इंग्रजी वाक्याच्या सान्निध्यात वाढली. विरामचिन्हांचा प्रसार कँडी यांच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या पुस्तिकेमुळे झाला. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह ही नावे शाळेतून घरोघर पोचली. चिन्हे इंग्रजीतील आणि नावे संस्कृत घडणीची अशी ही जोडणी आज कोणालाही परकी वाटत नाही. हिंदीने वाक्यान्ती दंड राखला आणि मराठीने टिंब स्वीकारले, हा फरकही याच काळातला आहे.

प्रकारनावांच्या बाबतीत या पिढीने मुख्यतः जुन्या शब्दाला नवा अर्थ देण्याची पद्धत वापरली. धर्मशास्त्रातील वचनांच्या संकलनग्रंथाला ‘निबंध’ म्हणत असत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’नंतर (१८७४) हा शब्द विचारप्रधान गद्यलेखासाठी रूढ झाला. बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेचे नाव असलेला ‘कादंबरी’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे नाव झाला. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) यांच्या काळात हा प्रकार स्थिरावत होता आणि १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ याच शीर्षकाचा विस्तृत निबंध लिहिला तेव्हा संज्ञा निर्विवाद झाली होती. याच प्रकारासाठी बंगाली आणि हिंदीने ‘उपन्यास’, तर गुजरातीने ‘नवलकथा’ हा शब्द घेतला. एकाच संस्कृत भांडारातून निवड करूनही शेजारच्या भाषा एका शब्दावर आल्या नाहीत, ही गोष्ट पुढील वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

‘टीका’ या संज्ञेचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. मूळ ग्रंथाचे विवरण हा तिचा पूर्वापार अर्थ. ‘ज्ञानेश्वरी’ ही गीतेवरील टीका आहे ती याच अर्थाने. इंग्रजीतील साहित्यपरीक्षणाच्या विद्येसाठी तीच संज्ञा वापरली गेली, परंतु बोलण्यात ‘टीका करणे’ म्हणजे दोष काढणे असा अर्थ बळावल्याने विसाव्या शतकात अभ्यासकांनी ‘समीक्षा’ अधिक पसंत केली. नाट्यविचारातही असेच घडले. ‘ट्रॅजेडी’साठी ‘शोकांतिका’ रूढ झाल्यावर, शेवट दुःखद असणे हे त्या नाट्याचे एकमेव लक्षण नसून त्याचा संपूर्ण आत्माच शोकाचा असतो, या विचारातून ‘शोकात्मिका’ ही संज्ञा पुढे आली. आज वृत्तपत्रात कोणत्याही खेदजनक गोष्टीला ‘शोकांतिका’ म्हटले जाते आणि ‘शोकात्मिका’ अभ्यासकांच्या लेखनात राहिली आहे.

दोन परिभाषांच्या सीमेवरील प्रदेश

हे सर्व मुख्यतः ब्रिटिश मुलखात घडत असताना जाफराबादच्या भागात वेगळी प्रक्रिया चालू होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि शेजारचा बुलढाणा जिल्हा मराठी शाळा आणि इंग्रजी प्रशासन यांच्या कक्षेत आला. जाफराबाद मात्र संस्थानात राहिले, जेथे कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. एकाच बोलीभागातील, एकमेकांत सोयरीक असलेल्या गावांना त्यामुळे दोन निरनिराळ्या लेखी परिभाषा मिळाल्या.

हैदराबादेत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक विद्या उर्दूतून शिकवण्याचे ठरवले आणि त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग पाठ्यग्रंथ व परिभाषा तयार करू लागला. या कामाशी निगडित असलेले मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे केंद्र अनेक वर्षे औरंगाबादेत होते. वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़ए इस्तिलाहात’, म्हणजे परिभाषा घडवण्याची पद्धत सांगणारा ग्रंथ, याच संस्थेने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी संज्ञा देशी भाषेत कशी आणावी, केवळ अरबीवर अवलंबून न राहता भाषेतील उपसर्ग, प्रत्यय आणि समास यांचा उपयोग कसा करावा, याची पद्धतशीर चर्चा त्या काळी ज्या जिल्ह्यात जाफराबाद होते त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाहून झाली, ही बाब मराठी परिभाषेच्या इतिहासात अभावानेच नोंदवली जाते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. औरंगाबादेत १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. एका पिढीच्या अवधीत शिक्षणाची परिभाषा उर्दूकडून संस्कृतनिष्ठ मराठीकडे वळली. अर्थात मराठीत आधीच मुरलेले ‘मसुदा’, ‘मजकूर’, ‘नक्कल’ हे शब्द दोन्ही व्यवस्थांत समान असल्याने तिसऱ्या गटातील, म्हणजे प्रत्यक्ष लेखनकामाच्या परिभाषेत खंड पडला नाही. बदल झाला तो वर्गातील संकल्पनांच्या नावांत.

भाषाशुद्धी आणि समीक्षेची भाषा

१९२४ नंतर रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. परभाषेतील, विशेषतः उर्दू-फारसी आणि इंग्रजी शब्द अकारण वापरू नयेत व त्यांच्या जागी संस्कृतोद्भव शब्द रूढ करावेत, ही तिची मागणी होती. ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘दिग्दर्शक’, ‘बोलपट’, ‘महापौर’ हे शब्द या चळवळीशी जोडले जातात. माधव ज्यूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला होता आणि त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती. पुढे तेच शुद्धीच्या बाजूला आले आणि १९३८ मध्ये त्यांचा ‘भाषाशुद्धिविवेक’ प्रसिद्ध झाला. चळवळीच्या विरोधकांचे म्हणणे असे होते की जे शब्द शतकानुशतके मराठीच्या प्रत्ययांसह वापरले गेले ते मराठीच झाले असून त्यांना परके ठरवल्याने भाषेची छटा सांगण्याची शक्ती कमी होते.

त्याच दशकांत साहित्यिकांनी स्वतःच्या गरजेतून संज्ञा घडवल्या. इंग्रजी ‘सॉनेट’चा घाट केशवसुतांनी आणला आणि चौदा ओळींच्या या रचनेसाठी ‘सुनीत’ ही संज्ञा पुढे सर्वमान्य झाली. ध्वनीने मूळ शब्दाजवळ जाणारी, परंतु संस्कृत अर्थही देणारी ही घडण यशस्वी ठरली. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधना’ने (१९३१) ‘तंत्र’, ‘कथानक’, ‘स्वभावरेखन’ ही चर्चा सामान्य लेखकापर्यंत नेली आणि ‘तंत्र’ हा शब्द कथालेखनाच्या कारागिरीसाठी पक्का झाला. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संगीतातून ‘लय’ ही संज्ञा घेतली आणि संवादलय, विरोधलय व समतोललय असे तिचे प्रकार केले. त्यांच्याच ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीच्या निमित्ताने ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द चर्चेत राहिला. पात्राच्या मनात क्षणोक्षणी वाहणारे विचार जसेच्या तसे मांडण्याच्या या तंत्राला हिंदीत ‘चेतनाप्रवाह’ म्हणतात.

ग्रीक विचार इंग्रजीमार्गे आणताना वेगळीच अडचण आली. गो. वि. करंदीकरांनी ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे मराठी रूप १९५७ मध्ये सिद्ध केले. ‘कॅथार्सिस’साठी समीक्षेत रूढ झालेली ‘विरेचन’ ही संज्ञा आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एक असून ग्रीक शब्दालाही वैद्यकीय अर्थ होता; म्हणून तिची निवड अचूक मानली गेली. मात्र भावनांचे शोधन असा अर्थ घेणाऱ्या अभ्यासकांना ती अपुरी वाटते. म्हणजे संज्ञेची निवड करणे हे त्या संकल्पनेच्या एका अर्थाची निवड करणेही असते.

कोशांचा काळ

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले. पदनामकोश, शासनव्यवहार कोश आणि पुढे विविध शास्त्रांचे परिभाषाकोश त्याने प्रसिद्ध केले. त्यांत साहित्यसमीक्षा, भाषाविज्ञान व वाङ्मयविद्या, वृत्तपत्रविद्या आणि ग्रंथालयशास्त्र यांचे स्वतंत्र कोश आहेत, म्हणजे लेखनव्यवहाराची सर्व अंगे शासकीय कोशरचनेत आली. केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय संज्ञा आहेत तशा ठेवाव्यात, लोकांत रूढ शब्द बदलू नयेत आणि नव्या संकल्पनांसाठी शक्यतो सर्व भारतीय भाषांना चालणारे संस्कृताधारित शब्द घ्यावेत, ही त्याची सर्वसाधारण दिशा होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालील मराठी विश्वकोशाने परिभाषासंग्रहाचा स्वतंत्र खंड १९७३ मध्ये दिला, आणि नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केले.

या द्विभाषिक शब्दसूचींपेक्षा वेगळ्या स्वरूपाचे काम २००१ मध्ये ग. रा. भटकळ फाउंडेशनने केले. प्रभा गणोरकर, वसंत आबाजी डहाके, जया दडकर आणि सदानंद भटकळ यांनी संपादित केलेल्या ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोशा’त इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द ठेवून न थांबता प्रत्येक संकल्पनेचा इतिहास आणि मराठी साहित्यातील तिचा वापर सांगितला आहे. परिभाषाकोश शब्दाचे नाव देतो आणि संकल्पनाकोश त्या नावाचा उपयोग दाखवतो. अध्यापनाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे.

चार प्रमुख भूमिका

या दीर्घ प्रवासातून चार भूमिका स्पष्ट होतात. पहिली संस्कृताधारित नवनिर्मितीची. १९४० च्या दशकात नागपुरातून काम करणारे डॉ. रघुवीर हे तिचे सर्वांत सुसंगत प्रतिपादक होते. संस्कृत धातूला उपसर्ग आणि प्रत्यय लावून संज्ञांची कुटुंबे तयार होतात, हा तिचा मुख्य आधार. ‘कथन’ स्वीकारले की कथक, कथात्म, कथानक, कथनमीमांसा असे शब्द ओघाने मिळतात. अशी सोय उसन्या शब्दात सहसा नसते. तिच्यावरील आक्षेप असा की अनेक संज्ञा कोशातच राहतात आणि संस्कृत शब्दांना पूर्वीचे शास्त्रीय अर्थ चिकटलेले असतात. ‘रूपक’ हा अलंकार आहे, नाट्यशास्त्रात तो नाट्यप्रकारांचा सामान्य निर्देश आहे आणि आज तोच ‘मेटॅफर’चा प्रतिशब्द आहे. शिवाय ‘वास्तववाद’ आणि ‘यथार्थवाद’, ‘कादंबरी’ आणि ‘उपन्यास’ या जोड्या पाहता अखिल भारतीय एकरूपतेची अपेक्षा अंशतःच पुरी झाली आहे.

दुसरी भूमिका इंग्रजी शब्द मराठी प्रत्ययांसह स्वीकारण्याची. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ‘डेडलाइन’, ‘बायलाइन’, ‘इंट्रो’ आणि प्रकाशनव्यवसायात ‘ब्लर्ब’, ‘रॉयल्टी’, ‘प्रूफं’ हे शब्द रोज वापरले जातात. जो शब्द सर्वांना कळतो त्याच्याऐवजी कोणालाही न कळणारा शब्द देऊन काय साधते, हा या पक्षाचा प्रश्न आहे. उलट बाजूचे म्हणणे असे की इंग्रजीचा परिचय सर्वांना सारखा नसतो. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला जो शब्द सहज वाटतो, तो तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अपारदर्शक राहतो, कारण त्याच्या कोणत्याही अवयवावरून अर्थ लागत नाही.

तिसरी भूमिका देशी व्यवसायांतून आणि बोलींतून शब्द घेण्याची. ‘घाट’, ‘पोत’, ‘वीण’, ‘बाज’, ‘धाटणी’, ‘घडण’ हे शब्द भांडी घडवणारे, विणकर आणि कारागीर यांच्या कामातून समीक्षेत आले आणि लेखनाचे रूप सांगण्यास अतिशय समर्थ ठरले. अशोक केळकरांनी आपल्या समीक्षाग्रंथाला ‘रुजुवात’ हे हिशेबाच्या दप्तरातील नाव दिले, आणि त्या ग्रंथाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या विचारानेही परंपरेतील शब्दांकडे पुन्हा लक्ष वेधले. या भूमिकेची मर्यादा अशी की असे शब्द सूचक असले तरी त्यांच्यापासून विशेषणे आणि भाववाचक नामे सहज तयार होत नाहीत, आणि ‘पोत’ व ‘वीण’ यांच्यातील सीमारेषा दोन समीक्षक दोन ठिकाणी आखतात.

चौथी भूमिका प्रसंगानुसार निवड करण्याची. तिच्या मते परिभाषेत एकच नियम चालत नाही. प्रकारनावे रूढीवर सोडावीत, समीक्षेच्या संकल्पनांसाठी व्युत्पादनक्षम संज्ञा घ्याव्यात आणि कामाच्या शब्दांत कारागिरांचा वापर प्रमाण मानावा. ही भूमिका समतोल असली तरी कोणत्या प्रसंगी कोणता निकष लावायचा हे ठरवणारा अधिकार कोणाचा, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

या चारही भूमिकांचा आरंभ इंग्रजी संज्ञेपासून होतो. दलित साहित्याने मात्र संज्ञेचा उलट प्रवास दाखवला. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि त्यांच्यामागून आलेल्या पुस्तकांसाठी ‘आत्मचरित्र’ हा रूढ शब्द अपुरा पडला, कारण त्यांत व्यक्तीच्या कर्तृत्वाच्या कथनापेक्षा समूहाच्या जगण्याची साक्ष अधिक होती; म्हणून ‘आत्मकथन’ आणि ‘स्वकथन’ हे शब्द पुढे आले. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने या साहित्याच्या चर्चेला व्यासपीठ दिले, आणि ‘विद्रोह’, ‘नकार’, ‘वेदना’ या शब्दांना समीक्षेच्या संज्ञांचे वजन आले. येथे लेखन आधी झाले आणि संज्ञा त्यातून निघाली.

जपानी अनुभवाची तुलना

पाश्चात्त्य लेखनसंज्ञा आपल्या भाषेत आणण्याचा प्रश्न जपानीपुढेही एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. चिनी परंपरेत किरकोळ गोष्टींसाठी असलेला ‘शोसेत्सु’ हा शब्द ‘नॉव्हेल’साठी वापरला गेला आणि त्सुबोउची शोयो यांच्या ‘शोसेत्सु शिंझुइ’ (१८८५-८६) या ग्रंथाने त्याला नव्या कलेचे नाव म्हणून प्रतिष्ठा दिली. जुन्या अभिजात शब्दाला नवा अर्थ देण्याची ही पद्धत मराठीतील ‘कादंबरी’सारखीच आहे. लेखणीच्या ओघाने लिहिलेल्या मुक्त गद्याला जपानीत ‘झुइहित्सु’ हा जुना शब्द आहे. तरीही ‘एसे’ हा शब्द काताकाना या वर्णमालेत लिहून तिथे वापरला जातो आणि दोन्ही संज्ञा भिन्न छटांसह टिकून आहेत. परके शब्द वेगळ्या वर्णमालेत लिहिण्याची सोय असल्याने ते डोळ्यांना ताबडतोब ओळखू येतात. देवनागरीत अशी खूण नाही.

पुढच्या काळात उसन्या शब्दांचे प्रमाण वाढल्यावर तेथील राष्ट्रीय भाषासंशोधन संस्थेने २००२ मध्ये समिती नेमली. तिने २००६ पर्यंत चार टप्प्यांत १७६ शब्दांसाठी पर्याय सुचवले. त्यांतील लक्षणीय भाग पर्यायांपेक्षा पद्धतीचा आहे. प्रत्येक उसना शब्द सर्वसाधारण नागरिकांना आणि साठ वर्षांवरील व्यक्तींना किती समजतो, याची पाहणी करून आकलनाची श्रेणी शब्दासोबत छापली गेली आणि पर्याय बंधनकारक न ठेवता संदर्भानुसार वापरण्याची शिफारस केली गेली. शब्दाच्या कुळापेक्षा त्याच्या आकलनाला येथे पुराव्याचे स्थान मिळाले.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न एका संकल्पनेसाठी चालणाऱ्या अनेक संज्ञांचा आहे. ‘आयरनी’साठी उपरोध, वक्रोक्ती आणि व्याजोक्ती हे शब्द आढळतात. त्यांपैकी ‘उपरोध’ टोमण्याच्या अर्थाकडे झुकतो आणि ‘वक्रोक्ती’ला संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाच्या सिद्धान्ताचा स्वतंत्र, कितीतरी व्यापक अर्थ आहे. ‘रोमँटिसिझम’साठी सुचवलेल्या ‘स्वच्छंदतावादा’त स्वैरपणाची छटा जाणवते म्हणून अनेक मराठी समीक्षक मूळ शब्दच ठेवतात. जाफराबादसारख्या ठिकाणी मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरी संज्ञा भेटली, तर त्या दोन संकल्पना आहेत असा समज होण्याचा धोका असतो. प्रमाणीकरण झाले तर हा धोका टळेल, परंतु त्याबरोबर अर्थाच्या बारीक छटा नाहीशा होतील. या दोहोंमधील तोल अद्याप ठरलेला नाही.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा आणि लेखनाचा. उसन्या संज्ञेचे लिंग आणि अनेकवचन वापराने ठरत जाते: ‘ब्लॉग’ पुल्लिंगी, ‘स्क्रिप्ट’ बहुधा स्त्रीलिंगी आणि ‘प्रूफ’ नपुंसकलिंगी. अशी माहिती परिभाषाकोशांत क्वचितच मिळते. ‘ॲ’सारख्या स्वरांचे लेखनही छापील मजकुरात एकसारखे नाही.

तिसरा प्रश्न अरबी-फारसी भांडाराचा. ‘मजकूर’ आणि ‘मसुदा’ हे शब्द आजच्या संगणकीय लेखनाच्या कामातही चपखल बसतात. तरी नव्या संज्ञा घडवताना या भांडाराकडे कोशकार फारसे वळलेले नाहीत. मराठवाड्याच्या लेखी परंपरेशी जवळीक असलेला हा स्रोत किती वापरता येईल, याची पद्धतशीर तपासणी बाकी आहे.

चौथा प्रश्न यंत्रानुवादाचा आहे. यंत्र उपलब्ध मजकुरात वारंवार आढळणारा पर्याय निवडते आणि ‘संहिता’ हा शब्द नाटकाचा आहे, कायद्याचा आहे की वेदांचा, हा भेद संदर्भाशिवाय त्याला नीट करता येत नाही. मराठीत अशा संदर्भयुक्त वापराचा साठा जितका कमी, तितकी चूक पसरण्याची शक्यता अधिक.

समारोप

आजवरच्या चर्चेचा भर संज्ञा कोठून घ्यावी यावर राहिला. ऐतिहासिक पुरावा मात्र असे दर्शवतो की संस्कृत ‘कादंबरी’, फारसी वळणाचा ‘मसुदा’, ध्वनिसाम्याने घडलेले ‘सुनीत’ आणि कारागिरांचा ‘घाट’ हे सर्व टिकले, तर याच चारही मार्गांनी आलेले दुसरे कित्येक शब्द मागे पडले. टिकलेल्या संज्ञांत समान दिसते ते असे की त्यांची गरज प्रत्यक्ष लेखनात भासली होती, त्या वाक्यात सहज चालल्या आणि एखादे नियतकालिक, पाठ्यपुस्तक किंवा गाजलेले पुस्तक त्यांना वाचकापर्यंत घेऊन गेले. स्रोताचा वाद त्यामुळे निरर्थक ठरत नाही, कारण व्युत्पादनाची सोय आणि अर्थाची पारदर्शकता स्रोतावर अवलंबून असते. पण तो एकटा निर्णायक ठरत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि महानुभावांच्या रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. द्विभाषिक सूची मराठीजवळ पुरेशा आहेत. उणीव आहे ती वापराच्या नोंदींची आणि आकलनाच्या पाहणीची. कोणती संज्ञा कोणत्या दशकात, कोणत्या लेखकाने, कोणत्या अर्थाने वापरली आणि जाफराबादच्या किंवा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीच्या, देऊळगाव राजाच्या वर्गातील विद्यार्थ्याला ती कितपत कळते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र उपलब्ध झाली तर परिभाषेची पुढील चर्चा अधिक भक्कम पायावर होऊ शकेल, आणि मराठीतून लिहू-शिकू पाहणाऱ्याला आपल्या विषयाचे शब्द विश्वासाने वापरता येतील.